वहिनींच्या रक्तात दोष नव्हता

वहिनी कशाने गेल्या, असं घरात कुणी विचारलं की मी आजवर एकच उत्तर देत आलो – त्यांच्या रक्तात दोष होता. एवढं म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. सगळा जन्म इस्पितळात काढलेल्या माणसाचं उत्तर, त्यावर शंका कोण घेणार? ते उत्तर खोटं आहे. माझ्या बायकोला हे ठाऊक नाही, मुलांना नाही, आणि ज्या भावाला कळायला हवं होतं तो शेवटपर्यंत मला मानत मानत गेला. तुम्ही हे ऐकणारे पहिले.

कुठून सुरू करू? मोठी लढाई संपली आणि मी पलटणीतून सुटून घरी आलो, तिथून करतो.

बंदूक मी फारशी हातात धरली नव्हती. माझी नोकरी लष्करी इस्पितळाच्या लॅबोरेटरीत झाली – रक्त तपासायचं, लघवी तपासायची, काचा धुवायच्या. गावात मात्र मी 'मिल्ट्रीतला डॉक्टर' झालो, आणि मीही कुणाचा गैरसमज दूर केला नाही. घर आमचं कृष्णाकाठी, कराडच्या खालच्या अंगाला. उसाची जमीन, गोठ्यात म्हशी. वडील लहानपणीच गेलेले. थोरला भाऊ अजून पलटणीतच होता, लांब तिकडे सरहद्दीवर. घरात आई, वहिनी आणि वहिनींची तान्ही मुलगी.

मी वाळून आलो होतो. आईने मला पाहिलं आणि डोळ्याला पदर लावला. दुसऱ्या दिवसापासून माझा रतीब सुरू झाला – सकाळी उठल्या उठल्या पेलाभर निरसं दूध, दुपारी भाकरीवर लोण्याचा गोळा, रात्री पुन्हा दूध, साय घातलेलं. दिवस टंचाईचे होते, धान्य सरकार लेव्हीत उचलून न्यायचं, डाळ तर मिळता मिळत नव्हती. पण दूध घरचं होतं. त्यातलं बरंचसं गावातल्या रतिबाला जायचं आणि उरलेलं मला. दूध घेऊन यायच्या वहिनी. खाली मान, डोक्यावर पदर, पेला ठेवायच्या आणि जायच्या.

वहिनी कवठे महांकाळकडच्या. आमच्याकडे त्या भागाला नुसतं 'कोरडवाहू' म्हणत, आणि म्हणताना तोंड जरा वाकडं करत. पण मी घरी पोचलो तेव्हा बाळंतपण उरकून माहेराहून येऊन त्यांना चारच दिवस झाले होते आणि गालांवर तेज होतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. ज्वारी, कुळीथ आणि शेरडाच्या दुधावर त्यांना तिथे कुणी उपाशी ठेवलं नव्हतं. मग आमच्याकडे आल्यावर मुलीला हगवण लागली. आई म्हणाली, अंगावर पाजणारीच्या खाण्याने पोराला लागतं. वहिनींचं दूध बंद, डाळ बंद, शेंगदाणे बंद. राहिली भाकरी आणि कालवणाचं वरचं पाणी. मुलगी बरी झाली, पण पथ्य कुणी सोडवलं नाही. कुणी सोडवायचं? ते आईचं काम, आणि आई विसरली असं म्हणावं तर – नाही, आईवर ढकलायला मी बसलेलो नाही. आई स्वतःही सगळ्यांच्या शेवटी जेवायची आणि तेच खायची.

वहिनींचे पाय सुजू लागले. सूज आली तसं आईने पथ्य आणखी आवळलं. डाळ वातूळ, दुधाने अंग फुगतं, हे आमच्याकडे साऱ्या बायांना पाठ होतं. रोज ती स्वतः वहिनींच्या पायांना तेल चोळायची, मायेनं चोळायची. पण ताटात काही वाढायची नाही.

शेवटी जोडवी रुतली. बोटांचं मांस दोन्ही बाजूंनी वर आलं आणि चांदी दिसेनाशी झाली. सोनार म्हणाला, कापावी लागतील. नवरा सरहद्दीवरून सुखरूप परतायचा आहे आणि सुनेच्या पायातली जोडवी कापायची – आईला हे सोसणारं नव्हतं. ती माझ्याकडे आली. तोवर मला सांगलीला एका इस्पितळात लॅबोरेटरीचं काम लागलं होतं आणि मी सुटीला घरी यायचो. ती म्हणाली, "तुज्या डाक्टराला दाव हिला. जोडवी कापायच्या आत दाव." म्हणून मी वहिनींना मोटारीने सांगलीला नेलं. जोडव्यांसाठी नेलं, हे लक्षात ठेवा. सुजलेले पाय तर आम्ही सगळे कित्येक दिवस पाहतच होतो.

रक्त मीच काढलं. त्यांनी हात पुढे केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

आता हे तुम्हाला समजावून सांगायलाच हवं, नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला कळायचा नाही. रक्त नळीत काही वेळ ठेवलं की गोठून तांबडं खाली बसतं आणि वर पिवळसर पाणी राहतं. त्या पाण्यात प्रोटीन असतं. शिरांमधलं पाणी शिरांमध्ये धरून ठेवायचं काम ते करतं. ते कमी पडलं की पाणी बाहेर मांसात झिरपतं, पाय सुजतात, बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. ते मोजायची एक युक्ती मी पलटणीत शिकलो होतो. मोरचुदाच्या पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडायच्या, पहिलीतलं पातळ, पुढे पुढे दाट. एकेका बाटलीत त्या पिवळ्या पाण्याचा थेंब सोडायचा. जड असेल तर बुडतो, हलका असेल तर वर येतो, आणि ज्या बाटलीत तो घटकाभर मध्येच थांबतो तिच्यावरून आकडा काढायचा. सहा ते आठ ग्रॅम म्हणजे माणूस ठीक. वहिनींचा थेंब, जिथे इतरांचे बुडत तिथे, वर आला. पुढे सरकलो तर आणखी झपकन वर. मागे मागे येत, पातळ पाण्याच्या बाटलीशी तो थांबला. चारच्या आसपास.

मला कळलं. तिथेच, त्या बाटलीपाशी उभा असताना कळलं. पण हा आकडा नुसतं कमी आहे एवढंच सांगतो, का कमी आहे ते सांगत नाही, आणि तेवढ्याचा मला आधार वाटला. लघवीवाटे जात असेल का? लघवी तापवून पाहिली, स्वच्छ राहिली, गढूळ झाली नाही. यकृतात बनत नसेल का? डॉक्टरांनी पोट चाचपलं, डोळे पाहिले, तिथेही काही नव्हतं. राहिलं एकच. माणसाच्या पोटातच जात नाही.

डॉक्टर भला माणूस होता. मोठ्या आवाजात बोलायचा नाही. वहिनी बाकावर बसल्या होत्या, मी शेजारी उभा होतो. डॉक्टरांनी मला विचारलं, घरी हिला खायला काय मिळतं? दूध, डाळ, अंडं, काय देता?

मी म्हणालो, "सगळं मिळतं, डॉक्टर. घरच्या म्हशी आहेत."

त्यांचा विश्वास बसला नसावा. ते वहिनींकडे वळले आणि म्हणाले, बाई, तुम्ही सांगा. वहिनींनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं – रागाने नाही, शपथेवर सांगतो, रागाने नाही. एखाद्याचं अंगावरचं वस्त्र सरकलं असावं आणि आपण ते पाहिलं नाही असं दाखवावं, तसं. आणि म्हणाल्या, "व्हय. समदं मिळतंय."

दोघांनी एकच सांगितल्यावर डॉक्टरांनी तरी काय करावं? ते म्हणाले, मग आतड्यात अंगी लागत नसेल. मीठ तोडायला सांगितलं, जंताचं औषध दिलं, पंधरवड्याने परत आणा म्हणाले. मी परत नेलं नाही. घरी येऊन आईला सांगितलं, रक्तात दोष आहे म्हणतात. आई म्हणाली, मग तर पथ्य नीट पाळायला हवं. त्याच संध्याकाळी सोनाराने जोडवी कापली.

खोटं का बोललो? बरीच वर्षं मी स्वतःला सांगत होतो, आईची अब्रू राखली. परक्या माणसासमोर आपल्या आईने सून उपाशी ठेवली असं कोण म्हणेल? हे ऐकायला बरं वाटतं. मला तर फार बरं वाटायचं. पण ते खरं असतं तर घरी आल्यावर आईला बाजूला घेऊन सांगता आलं नसतं? आई, हिला दूध दे, डाळ दे, डॉक्टरांनी सांगितलंय. माझ्या शब्दाला घरात मान होता. आईने ऐकलं असतं, निमूट ऐकलं असतं, आणि तिची अब्रू घरातल्या घरात राहिली असती.

नाही. दूध माझं होतं, हे कारण. वहिनींना दूध हवं असं म्हणायचं म्हणजे ते आजवर कुणी प्यायलं तेही म्हणायला लागलं असतं. आणि त्याच्याही खाली एक आहे – किती खाली जायचं? – मला ते आवडत होतं. इतकी वर्षं डब्यातलं दूध प्यायल्यावर घरचं दूध, वर साय, आणि सगळं घर मला जपतंय. ते सोडावंसं वाटलं नाही. सांगलीहून परतलो त्याच्या दुसऱ्या सकाळी वहिनी नेहमीसारख्या पेला घेऊन आल्या. कापलेल्या जोडव्यांच्या जागी बोटांवर पांढरे वळ होते. मी ते पाहिले. त्यांना काय कमी आहे ते सगळ्या घरात एकट्या मला ठाऊक होतं, अगदी आकड्यासकट. त्या पेला ठेवून गेल्या आणि मी दूध प्यायलो. सगळं प्यायलो.

पावसाळ्यात त्यांना खोकला धरला. साधा खोकला, घरात सगळ्यांनाच झाला होता. बाकीचे उठून कामाला लागले. त्या उठल्या नाहीत.

भाऊ रजा काढून आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तो माझ्यापाशी बसून पोरासारखा रडला आणि विचारलं, काय झालं होतं तिला? मी त्याला तेच सांगितलं. त्याने ते खरं मानून चारचौघांत सांगितलं, आणि ते पसरत पसरत वहिनींच्या माहेरी गेलं. त्यांची धाकटी बहीण शेवंता तेव्हा लग्नाची होती. पाहुणे यायचे, पसंत करायचे, मग कुठून तरी त्यांच्या कानावर जायचं की थोरली रक्ताच्या दोषाने गेली, आणि ते पुन्हा फिरकायचे नाहीत.

म्हणून वहिनींचे वडील एक दिवस शेवंताला घेऊन माझ्याकडे सांगलीला आले. मी त्यांना मामा म्हणायचो. धोतराला वाटेची तांबडी धूळ, खांद्यावर घोंगडं. मला सगळं इस्पितळ ओळखतं असं त्यांना वाटत होतं, त्यामुळे दारात उभे राहूनच बोलले. "पावनं, हिचं बी रगात बगा. काय आसंल ते सांगा, आमी ऐकून घिऊ."

मी शेवंताचं रक्त काढलं. बाटल्या मांडल्या. थेंब सोडला आणि तो जिथे थांबायला हवा तिथेच थांबला, सातच्या जवळ. निखळ, निरोगी रक्त. मामा माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी सांगितलं, हिचं चांगलं आहे, काही दोष नाही, खुशाल लग्न करा, कुणी विचारलं तर माझं नाव सांगा. त्यांचा चेहरा उजळला, पण घडीभरच. मग ते विचारात पडले.

"दोगी येकाच आईच्या," ते म्हणाले. "येकाच चुलीवर जेवल्या. मग थोरलीचं कसं खराब निगालं?"

खोलीत आमच्या घरचं दुसरं कुणी नव्हतं. आई गावी, भाऊ सरहद्दीवर. विचारणारा तो, आणि सांगणारा मी. मी म्हणालो, "एकेकाचं असतं, मामा."

त्यांनी मान हलवली. शिकलेल्या माणसाने सांगितल्यावर हलवतात तशी. शेवंताला पुढे जायला सांगितलं, घोंगडं सावरलं, आणि मला हात जोडले. दारापर्यंत गेले आणि वळून, जसं काही मलाच धीर द्यायला हवा अशा आवाजात म्हणाले, "आमच्याकडनंच चुकलं आसंल. ल्हानपनी तिला आमीच कायतरी वंगाळ खाऊ घातलं आसंल."

मी त्यांना थांबवलं नाही. ते तेवढं घेऊन कवठ्याच्या मोटारीत बसले. त्यानंतर ते बरीच वर्षं जगले, लग्नाकार्यात भेटत राहिले, आणि मरेपर्यंत तसंच समजत राहिले.