मोबाइलवर न दिसलेली ओळ

वधू-वर मंडळाच्या वेबसाइटवर माझी माहिती मी स्वतः भरली होती. पहिलं लग्न वर्षभरात मोडलं, तेही लिहिलं. लपवाछपवीचा मला तिटकारा आहे. पहिल्या सासरी तेवढी एकच शिकवण मिळाली.

चिकलठाण्याचं स्थळ आलं. मुलगा शेंद्र्याच्या कंपनीत, ऑफिसातल्या कामावर. घरचे सगळे बघायला आले, पोहे खाल्ले, माझ्या शाळेतल्या नोकरीची चौकशी केली. घटस्फोटाबद्दल चकार शब्द नाही. ते गेल्यावर आईनं डोळे पुसले. "किती मोठ्या मनाची माणसं!" मुलगा गॅलरीत माझ्याशी मोकळेपणानं बोलला होता, हसला होता. मला तो आवडला. खरं सांगते, त्या दिवशी मी आरशासमोर जरा जास्तच वेळ उभी राहिले.

सुपारी फोडायच्या आदल्या दिवशी त्याच्या मामांनी देवापुढं ठेवायला माझी माहिती कॉम्प्युटरवरून छापून काढली. लगेच बाबांना फोन.

"एकदा लगीन मोडलेली पोरगी आमच्या गळ्यात मारत होता व्हय?"

"अहो, साइटवर स्पष्ट लिहिलंय," बाबा म्हणाले.

"आम्ही सगळ्यांनी मोबाइलवर बघितलंय. तिथं कुठंच नाय!"

मी मोबाइल उघडला. खरंच नव्हतं. मंडळाच्या बाईंना विचारलं, तर त्या थंडपणे म्हणाल्या, "ताई, मोबाइलवाल्यांना वेगळं पान जातं, कॉम्प्युटरवाल्यांना वेगळं. मोबाइलचं छोटं असतं, त्यात मोजकंच ठेवतो."

त्या मोजक्यात माझा रंग होता. उंची, रास, पगार होता. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जड वर्ष मात्र जागेअभावी गाळलं होतं.

मग मी त्या मुलालाच फोन लावला. मी फसवलं नाही, हे निदान त्याला तरी कळायला हवं होतं.

"मला माहितीय," तो म्हणाला. "मी पहिल्यांदा ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच बघितलं होतं."

"मग घरी का नाही सांगितलं?"

"घरी सगळे मोबाइलवरच बघतात. म्हटलं, लग्न होऊन जाईल."

"आणि आता मामा आम्हाला लबाड म्हणतायत, त्याचं काय?"

"मलाही माहीत नव्हतं, असं सांगितलंय मी घरी. तुम्ही पण तसंच म्हणा ना. नाहीतर माझं घरात अवघड होईल."

मी फोन ठेवला. बाहेरच्या खोलीत बाबा पुन्हा मामांना फोन लावून माफी मागत होते.