आतेभावाच्या जीपमधली हवा

जगातल्या यच्चयावत दुःखांचं मूळ कुठंतरी शिरलेल्या हवेत असतं, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मला ठाऊक आहे, आणि तो म्हणजे माझा थोरला आतेभाऊ, आमचा दादा. विहिरीवरची मोटार पाणी उचलेना, तर हवा धरली. माझं पोट दुखलं, तर हवा धरली. गावातल्या दोन भावांचं बांधावरून बिनसलं, तर त्यांच्या बोलण्यात हवा शिरली. मला एकदा तापात सलाईन लावलं होतं, तेव्हा हा भेटायला म्हणून आला आणि तब्येतीची चौकशी करायच्या आधी नळीवर टिचक्या मारत बसला. नर्सबाईंनी हटकलं तर त्यांनाच विचारतो कसा, "बाई, आधी हवा काढली का न्हाई?" त्यांनी काढल्याचं सांगितलं. तरी बाटली संपेपर्यंत तो त्या नळीकडेच बघत होता आणि मी त्याच्याकडे.

हे वेड जीपमुळे लागलं. राणीसावरगावच्या त्याच्या अंगणात एक जुनी, चारही चाकांना जोर असलेली जीप उभी असते. रस्ता सोडून जाण्यासाठीच तिचा जन्म झाला असावा. काळ्या रानातल्या चिखलात कुणाचा ट्रॅक्टर रुतला की दादा जीप घेऊन हजर. नाल्यातून, माळावरून, दगडगोट्यांतून ती कुठंही जाते. जाण्याबद्दल तिची तक्रार कधीच नव्हती. अडचण थांबण्याची होती. ब्रेकच्या तेलात हवा शिरली की पायडल स्पंजासारखं मऊ होतं आणि दाबत गेलं तर थेट तळाला टेकतं. मग ती हवा काढावी लागते. दादा ती काढायचा, आणि आपली संपली की दुसऱ्यांची. स्वतःच्या लेकीच्या लग्नात सेलूहून वऱ्हाड आलं, मुहूर्ताची वेळ झाली, वाजंत्री थांबली, आणि नवरीचा बाप दिसेना. शोधाशोध केली तर तो नवरदेवाच्याच गाडीखाली झोपलेला, आणि मुंडावळ्या बांधलेला जावई आत बसून मुकाट्याने पायडल दाबतोय. "माझी लेक बसणार हाय ह्या गाडीत," दादा खालूनच म्हणाला, "अक्षता थांबतील, ब्रेक थांबणार न्हाई." त्यातलं काय कशाला थांबणार होतं ते मला आजही नीट उमगलेलं नाही, पण वऱ्हाड मात्र सुखरूप सेलूला पोचलं.

हे काम दोघांचं. एकाने वर बसून पायडल चार-दोन वेळा दाबायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्याने खाली चाकामागचा छोटा नट पान्याने ढिला करायचा. तिथं लावलेल्या पारदर्शक नळीतून बुडबुड्यांसकट तेल बाटलीत येतं. मग नट आवळायचा, आणि त्यानंतरच वरच्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेरची हवा पुन्हा आत. ऐकायला किती सोपं! पण दादा खालून ओरडायचा, "सोडतो!" म्हणजे तो नट सोडत असे. मला ऐकू यायचं, "सोड तो!" आणि मी पाय सोडून द्यायचो. मग खालून एक शिवी आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटी त्याने 'सोडायलो' म्हणायचं ठरवलं, पण तो शब्द पुरा होईपर्यंत माझा पाय वर आलेला असायचा. त्यातून चाकांना त्याने दिशांची नावं दिलेली. ज्या दिवशी जीप पहिल्यांदा अंगणात उभी राहिली, त्या दिवशी जे चाक उगवतीकडे होतं ते कायमचं 'उगवतीचं'. मग जीप कुठंही तोंड करून का उभी असेना! मी त्याला पाना द्यायला पूर्वेकडच्या चाकाशी उभा आणि हा पलीकडून विचारतोय, "उगवतीच्या चाकापाशी ये म्हणलं, तिकडं मावळतीला काय करायलास?"

खरं म्हणजे पायडलवर बसायचा मान माझा नव्हताच. तो वहिनींचा. मला बोलावणं आलं ते वहिनी माहेरी निघून गेल्या तेव्हा. झालं होतं असं की, वहिनींनी अंगणात कुरडया वाळत घातल्या होत्या. दादाने गोठ्याकडच्या उतारावरून जीप आणली, ब्रेक दाबला, पायडल तळाला गेलं आणि जीप अगदी सावकाश, कसलीही घाई न करता, सगळ्या कुरडयांवरून पलीकडे जाऊन तुळशीच्या अलीकडे थांबली. इथवर वहिनींनी सोसलं असतं. पण दादा खाली उतरला आणि आनंदाने म्हणाला, "बघ! हवा हाय म्हणलं न्हवतं का मी?" वहिनींनी पिशवी भरली आणि माळापलीकडच्या वस्तीवर भावाकडे गेल्या.

दादाने मला गंगाखेडला फोन केला. "ये. पायडलवर माणूस न्हाई." बायको गेली असं म्हणाला नाही. मी आलो. दुपारपर्यंत आम्ही बाटलीभर तेल संपवलं आणि माझ्या अंदाजाने जेवढी हवा काढली त्याहून जास्त आत घातली. पायडल होतं तसंच मऊ. दादा हात पुसत म्हणाला, "चल, चाचणी घेऊ." चाचणीला गावाभोवतीची वाट पुरली असती, जीप मात्र माळाच्या दिशेने निघाली. मी विचारलं, "इकडं कुठं?" तर म्हणे, "इकडं हवा चांगली हाय." आता हवा हवी होती की नको होती, तेच मला कळेना.

माळाच्या उतारावर वळण घेतलं आणि समोर मेंढ्या. सगळी वाट भरून, निवांत. दादाने पायडल दाबलं, पुन्हा दाबलं, भराभर दाबलं. काही नाही. मेंढ्यांमागची बाई काठी उगारून ओरडली, "आरं थांब की, मुडद्या!" थांबायचंच तर होतं. दादाने खडखडाट करत गिअर खाली टाकला आणि जीप वाटेवरून उतरवून नांगरलेल्या रानात घातली. ढेकळांनी आम्हाला टपापर्यंत उडवलं, वेग मोडला, आणि तुराट्यांच्या ढिगात तोंड खुपसून जीप उभी राहिली. कुणालाही खरचटलं नव्हतं. दादाचे हात मात्र स्टिअरिंगवरून सुटेनात. "ती असती बाजूला, तर?" तो म्हणाला.

आवाज ऐकून वस्तीवरची माणसं आली. सगळ्यांच्या पुढे वहिनी, अनवाणी. त्यांनी दादाला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"लागलं का?"

"न्हाई."

"मग उतरा खाली. भाऊजी, तुमी पण."

त्या पदर खोचून पायडलवर बसल्या. दादाने जीपच्या मागून पाना, नळी आणि तेलाची दुसरी बाटली काढली आणि तो चाकामागे शिरला. मी कान देऊन उभा. पण 'सोडतो' नाही, 'दाब' नाही, एक शब्द नाही. नळीतून आधी फेस आला, मग मोठे बुडबुडे, मग बारीक, मग नुसतं स्वच्छ तेल. एक चाक झालं की दादा दुसऱ्याकडे सरकायचा आणि वहिनी थांबायच्या. मला राहवेना.

"वहिनी, पाय कधी उचलायचा हे कळतं कसं?"

"पायाला कळतं, भाऊजी. नट ढिला झाला की पायडल खाली जातं, आवळला की अडतं. त्यात वरडायचं काय?"

चौथ्या चाकाखालून आवाज आला, "कुरडया परत घालू. सोऱ्या मी दाबतो."

"तुमी नका," वहिनी म्हणाल्या. "तुमी राखण करा." आणि त्या जीपमध्येच बसून राहिल्या. परत येताना मी मागे बसलो.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. दादाची कंबर गेली, त्याला गाडीखाली जाता येत नाही. वहिनींच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गंगाखेडचा एक मेकॅनिक अधूनमधून येतो आणि यंत्र लावून एकटाच हवा काढून जातो; कामापुरतंच बोलतो, चहासुद्धा घेत नाही. मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा दोघं अंगणातल्या उभ्या जीपमध्ये शेजारी शेजारी बसले होते. वहिनी चालकाच्या जागेवर. डावा, धड पाय त्यांनी पायडलवर ठेवला होता.

"काय, हाय का?" दादा विचारत होता.

वहिनींनी दाबून बघितलं, थोडा विचार केल्यासारखं केलं. "हाय की. जराशी हाय."

"आन् तो मेकॅनिक म्हणतो, हवा बिलकूल न्हाई!" दादा मला म्हणाला. "तूच बघ."

वहिनी सावकाश उतरल्या. मी बसून पाय दिला. पायडल दगडासारखं कडक, बोटभरही हलेना. मी गोंधळून वर पाहिलं. वहिनी दाराला धरून माझ्याकडेच बघत होत्या.

"आहे दादा," मी म्हणालो. "थोडी वाटतेय खरी."

दादाचा चेहरा उजळला. कंबरेवर हात ठेवून तो तेलाची बाटली आणायला घरात गेला.