दोन गुणांचा प्रश्न

गल्लीत तिला सगळे पडदेवाल्या आजी म्हणत. उभा जन्म तिने पडदे शिवण्यात घालवला. दवाखान्यांचे हिरवे, शाळांचे करडे, नव्यानं संसार मांडणाऱ्या पोरींचे फुलाफुलांचे. कारखान्यातलं काम सुटलं तरी शिवणयंत्र घरात खिडकीशी होतंच, आणि नजर अधू झाली तरी सुईत दोरा ओवायला ती दुसऱ्या कुणाला देत नसे. जीभ मात्र सुईहून टोकदार. ‘सासूबाईंशी बोलायचं तर बोटात नाही, कानात अंगुस्तान घालावं लागतं,’ असं तिचा जावई म्हणायचा, अर्थात ती शेजारच्या खोलीत असेल तेव्हाच.

त्या जिभेचा सगळ्यात जास्त मार खाल्ला तिच्या नवऱ्यानं. तो फरशी बसवायचा. दिवसभर गुडघ्यांवर रांगून संध्याकाळी घरी आला की आधी नखांतलं सिमेंट काढत मोरीपाशी बसायचा. गरीब माणूस. वर मान करून कधी बोलला नाही. आणि तिचं एक पालुपद ठरलेलं: “ह्यांना कुठं वेळेवर पोचता येतंय!” दूध नासलं तरी तेच, छत गळलं तरी तेच. गंमत म्हणजे त्याच्याइतका वेळेच्या आधी पोचणारा माणूस शोधून सापडला नसता. गाडी लागायच्या कितीतरी आधी हा फलाटावर बसलेला. लग्नाला गेला तर खुर्च्या मांडणाऱ्यांना हातभार लावायला हाच पुढे. पाहुणे हसत, त्यांची एकुलती एक लेक हसे. आई बाबांना असं का बोलते हे लेकीला कधी कळलं नाही. काही घरांत एखादं दार कायम कुरकुरतं, तसं ते बोलणं तिच्या कानांना सवयीचं होऊन गेलं होतं.

कारण होतं, आणि ते नवराबायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. या लेकीच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. घरीच, सुईणीच्या हातून. झाला तोच निळसर, मुठीएवढा, रडला तोही मांजराच्या पिलासारखा. सुईण म्हणाली, “हा काही टिकायचा नाही, तुमच्यात काय करायचं असेल ते करून घ्या.” त्यांच्यात म्हणजे बाप्तिस्मा. नवरा सायकल काढून फादरना आणायला धावला. फादर एका मयतीसाठी दुसऱ्या गावी गेलेले. हा तिथं गेला. वाटेत साखळी निखळली, ती बसवली, काळ्या हातांनी पुन्हा पायडल मारत सुटला. फादरना मागं बसवून घरी पोचला तेव्हा बाळ गेलेलं होतं.

दमलेल्या फादरनी कपाळावरचा घाम पुसत सांगितलं की बाप्तिस्मा न झालेल्या बाळाला स्मशानाच्या पवित्र जमिनीत जागा देता येत नाही. भिंतीच्या बाहेर पुरा. तो नरकात जाणार नाही, पण देवाचं तोंडही पाहणार नाही. अशा बाळांची एक वेगळी जागा असते, तिथं दुःख नाही आणि तो आनंदही नाही. नवऱ्यानं भिंतीबाहेर खड्डा खणला. बाळंतीण घरीच पडून होती. तिला ती जागा कुणी दाखवली नाही आणि तिनंही विचारलं नाही. आपण मेल्यावरसुद्धा हा आपल्याला भेटायचा नाही, एवढंच तिच्या मनात बसलं. आणि त्या दिवशी ज्याला उशीर झाला त्याला तिनं कधी माफ केलं नाही.

नवरा गेला त्याला आता काही वर्षं झाली होती. आजी लेकीकडे राहायला आली होती. नात दहावीला. तिला शाळेत धर्म-अभ्यास नावाचा एक विषय होता. पुस्तक जाडजूड, गुळगुळीत कागदाचं, त्यात जगातले धर्म शाळेतल्या मुलांसारखे ओळीनं उभे. त्यातून एक निवडून तपशिलात शिकायचा, तर नातीनं ‘कॅथलिक श्रद्धा आणि आचार’ हा भाग घेतला होता.

“सोपा आहे गं आजी, आपल्या घरातलाच,” ती म्हणाली.

“घरातली माणसं तरी कुठं सोपी असतात,” आजी म्हणाली.

परीक्षा जवळ आली तशी एका दुपारी नात पुस्तक घेऊन तिच्याशेजारी येऊन बसली. “तू प्रश्न वाच, मी न बघता उत्तरं देते.” आजीनं चष्मा पुसला, पुस्तक हातभर लांब धरलं आणि मास्तरणीच्या थाटात सुरू केलं. संस्कार किती? सात. कोणते? पोरीनं बोटांवर घडाघडा मोजून दाखवले. आजी मनातून खूश झाली. ती स्वतः धर्मशिक्षणाला गेली ती लहानपणी, पहिल्या कम्युनियनच्या विधीपुरती. प्रार्थना तेवढ्या पाठ झाल्या आणि आईनं तिला शिवणयंत्रावर बसवलं. पुढचं कुणी शिकवलं नाही.

पान उलटलं. कडेला निळ्या चौकटीत प्रश्न होता. आजीनं अडखळत वाचला: “बाप्तिस्म्याआधी मरण पावलेल्या बालकांविषयीच्या कॅथलिक विचारात कोणता बदल झाला? गुण दोन.”

नातीनं श्वास घेतला आणि एका दमात सांगून टाकलं. “एक, अशी बालकं स्वर्गात न जाता लिंबो नावाच्या जागी राहतात असं पूर्वी बरेच लोक मानत, पण चर्चनं तो सिद्धांत म्हणून कधीच ठरवला नव्हता. दोन, आज चर्च त्या बालकांना देवाच्या दयेवर सोपवतं आणि त्यांच्या तारणाची आशा बाळगतं. झाले दोन गुण. पुढं?”

आजी अजून त्या निळ्या चौकटीकडेच बघत होती.

“आजी, पुढचा वाच ना.”

पुढचा प्रश्न होता: संकटसमयी बाप्तिस्मा कोण देऊ शकतं?

“कुणीही,” नात म्हणाली. “पाणी हवं, शब्द हवेत, तसा हेतू हवा. एक गुण.”

“कुणीही म्हणजे?”

“कुणीही म्हणजे कुणीही. डॉक्टर, नर्स, शेजारी. ख्रिस्ती नसलेलासुद्धा चालतो. आई तर चालतेच.”

आजीनं पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं. “डोळे दुखायला लागले,” म्हणाली, आणि उठून आत गेली.

आत पलंगावर बसून ती आपला उजवा हात बघत राहिली. त्या दिवशी सुईणीनं कोमट पाण्याचं घमेलं पलंगाशी ठेवलं होतं. बाळाचे ओठ सुकले म्हणून हिनंच त्यात बोट बुडवून पुन्हा पुन्हा त्याच्या ओठांना लावलं होतं. तेच बोट चार अंगुळं वर न्यायचं होतं, कपाळावर. दोन थेंब आणि एक ओळ. ती ओळ तिला पाठ होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या किती बाळांच्या वेळी ऐकलेली. आणि ती मात्र सायकलच्या आवाजासाठी दाराकडे कान लावून बसली होती.

त्यानंतर आजी बोलेनाशी झाली. जेवायला बोलावलं की यायची, जेवायची, जायची. जावई म्हणाला, “घरात चुकल्याचुकल्यासारखं होतंय, कुणी टोचतच नाही.” लेकीला वाटलं, तब्येत बिघडली. पण शाळेत पालकांना भेटायला बोलावलं तेव्हा आजी आपण होऊन चप्पल घालून दारात उभी राहिली. “तू गणिताच्या बाईंकडे जा,” तिनं लेकीला सांगितलं, “मी त्या धर्माच्या बाईंना भेटते.”

धर्म-अभ्यासाच्या बाई तरुण होत्या. त्यांनी आजीला खुर्ची दिली. “मी स्वतः कॅथलिक नाही हं आजी, पण शिकवायचं म्हणून बरंच वाचलंय. विचारा ना.”

“ते पाण्याचं,” आजी म्हणाली, “कुणीही दिलं तरी चालतं म्हणतात. हे नवीन निघालं का? हल्ली?”

“नाही नाही, ते फार जुनं आहे. शेकडो वर्षांपासून तसंच आहे.”

“आणि त्या बाळांचं? ती वेगळी जागा?”

“ती समजूत होती. खूप पसरलेली होती, फादरही सांगायचे. पण सिद्धांत असा तो कधीच नव्हता.”

“मग आम्हाला तसं कुणी सांगितलं कसं नाही?”

बाईंनी पुस्तकाचं ते पान काढलं. पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं. “अभ्यासक्रमात त्याला एवढीच जागा आहे, आजी. एक चौकट. मुलांना गुणांपुरतं कळलं की...” त्या मध्येच थांबल्या. आजी त्या चौकटीवरून बोट फिरवत होती. “तुमचं कुणी होतं का?”

“नाही हो,” आजी म्हणाली. “नातीची परीक्षा आहे, म्हणून विचारलं.”

घरी आल्यावर लेकीनं दार लोटून घेतलं आणि समोर बसली. “आई, आता सांग. काय झालंय?”

आणि आजीनं सांगितलं. सुईण, सायकल, भिंत, पाण्याचं घमेलं, सगळं. जन्मात पहिल्यांदा. लेक ऐकत राहिली. आपल्याला एक भाऊ होता हे तिला केसांत पांढरं आल्यावर कळत होतं.

“आणि मी त्यांना जन्मभर बोलले,” आजी म्हणाली. “त्यांच्या उशिरानं काही बिघडलं नव्हतं गं. मी होते ना तिथं. पाणी होतं. बिचारे मरेपर्यंत ऐकत राहिले. त्यांना तरी कुठं ठाऊक होतं!”

लेकीचा चेहरा उतरला. ती कितीतरी वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

“आई,” ती शेवटी म्हणाली, “बाबांना ठाऊक होतं.”

“काय?”

“ही पोरगी अपुऱ्या दिवसांची झाली, काचेच्या पेटीत ठेवली होती, आठवतं? तू तेव्हा घरी डबा करायला गेली होतीस. बाबा आले, खिशातनं पाण्याची छोटी बाटली काढली, नर्सला हात जोडले, आणि हिच्या कपाळावर दोन थेंब टाकून काहीतरी पुटपुटले. मी म्हटलं, बाबा, हे असं चालतं? तर म्हणाले, चालतं, कुणालाही चालतं. पूर्वी एका चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या कुंडाभोवती फरशी बसवत होतो, तेव्हा तिथल्या फादरनी सांगितलं. कधी, असं मी विचारलं. तर म्हणाले, तू शाळेत जायचीस तेव्हा.”

आजीनं चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“आणि म्हणाले, आईला यातलं काही बोलू नकोस. मला वाटलं, तू ओरडशील म्हणून. तान्ह्या पोरीला भिजवलं म्हणून.” लेकीनं बोटाचा पदर सोडवला. “म्हणाले, तिला कळलं तर ती स्वतःला खाईल. त्यापेक्षा मला खाते ते बरं.”

आजी रडली नाही. रडली असती तर लेकीला सोपं गेलं असतं. तिनं भिंतीकडे तोंड करून विचारलं, “हसून म्हणाले का?”

“हो. हसूनच म्हणाले.”

“म्हणजे तू शाळेत होतीस तेव्हापासून,” आजी म्हणाली. तिला एकेक आठवत असणार. भरल्या ताटावर बोललेलं, पाहुण्यांपुढे बोललेलं, शेवटच्या आजारपणात गोळी गिळायला वेळ लागला म्हणून बोललेलं. प्रत्येक वेळी त्या माणसाच्या तोंडात उत्तर तयार होतं. एका वाक्याचं. आणि प्रत्येक वेळी तो मान खाली घालून ते गिळत आला होता.

पुढच्या आठवड्यात लेक तिला त्या जुन्या स्मशानात घेऊन गेली. भिंत मागेच पाडली होती. स्मशान वाढवलेलं, बाहेरची जमीन आत आलेली, आणि तिच्यावर लोकांच्या रीतसर कबरी, फुलं, दगडी क्रूस. बाळ कुठं होतं ते सांगणारा एकच माणूस होता आणि तो आता नव्हता. आजी दोन ओळींमधून काठी टेकत फिरली. कुठं उभं राहावं ते तिला ठरवता येईना. शेवटी एका अनोळखी माणसाच्या कबरीच्या कठड्यावर ती टेकली. लेकीनं पाण्याची बाटली पुढं केली, तर तिनं नको म्हणून मान वळवली.

परतताना ती चर्चच्या कचेरीत शिरली. नवऱ्यासाठी आणि बाळासाठी मिस्सेची प्रार्थना सांगायची होती. फादर तरुण आणि मायाळू होते. त्यांनी नवऱ्याचं नाव लिहून घेतलं. “आणि बाळाचं?”

“बाप्तिस्माच नाही झाला,” आजी म्हणाली. “नाव नाही ठेवलं.”

“मग आता ठेवा की. तुमचंच बाळ आहे.”

“ह्यांना विचारल्याशिवाय कसं ठेवू?” ती म्हणाली. फादरनी नवऱ्याच्या नावापुढं नुसतं ‘व त्यांचा मुलगा’ असं लिहिलं.

नातीचा पेपर झाला. तो प्रश्न आला होता, आणि बाळाची गोष्ट तिला तोवर आईकडून कळली होती. घरी येऊन तिनं दप्तर टाकलं आणि म्हणाली, “मी नाही लिहिला, आजी. मला येत होता, पण हातच चालेना.”

आजीनं तिला जवळ ओढलं. “वेडी कुठली,” ती म्हणाली, “लिहायचं होतंस. दोन गुण गेले ना.”

ती आणखी काही वर्षं जगली. बोलणं मवाळ झालं होतं. जावयाला उलट त्याचीच धास्ती वाटे. नवऱ्याविषयी कुणी काही काढलं की ती हातातलं शिवण खाली ठेवायची, पूर्ण ऐकून घ्यायची, आणि म्हणायची, “अजून सांग. तुला आणखी काय काय बोलले होते ते?” लेकीजवळचं सांगून सांगून संपलं. मग ती त्याच्याबरोबर काम केलेल्या म्हाताऱ्या मिस्त्र्यांकडे जाऊ लागली. त्यांना सांगण्यासारखं फारसं नव्हतं. फार बोलायचा नाही, एवढंच ते म्हणत.