माय, मिरची आणि साइडकार

साइडकारमध्ये बसलेलं माणूस बोलत नसेल तर ते रागावलेलं असतं, असा माझा समज होता.

मी कोकणातला. शाळा सातवीत सोडली (शाळेनेही फार अडवलं नाही) आणि फिरत फिरत तापीकाठी आबांच्या शेतावर कामाला लागलो. आबा आणि त्यांची बायको, म्हणजे माय, यांनी मला घरातल्या पोरासारखं ठेवलं. एवढं चांगलं आपल्या वाट्याला आलंय म्हणजे कुठेतरी घोळ असणार, अशी शंका मला जेवतानाही येई.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तो घोळ सापडला. चुलीपाशी माय आबांना सांगत होती, "याले घर धाडी द्या आते."

झालं. मला घरी धाडणार. काय चुकलं माझं? रात्री जास्तीची भाकरी घेतली, ती?

त्याच दिवशी मायला लेकीकडे नवापूरला पोचवायचं होतं. गाडी आबांच्या वडिलांची, साइडकारवाली. मी माकडटोपी घातली, वर मफलर, कानांत कापूस. (आमच्याकडे थंडी म्हणजे पंखा बंद करणे.) माय साइडकारमध्ये गोधडी डोक्यावरून घेऊन बसली. बाहेर फक्त नाक.

नंदुरबारबाहेर लाल मिरची वाळत घातलेली असते, तिथे तिनं गाडी थांबवायला लावली. मी शेकोटीकडे पळालो. हात शेकून परत आलो तर गोधडी साइडकारमध्ये तयार, आता नाकही आत. किक मारली.

"माय, थंडी वाजते का?"

उत्तर नाही.

"माय, ती भाकरी उरलेली होती म्हणून घेतली."

नाही म्हणजे नाही. माझी खात्री पटली. मग मी सगळंच बोललो. तापात तिनं माझं डोकं चेपलं होतं ते, आबांनी नवे बूट घेतले ते, आणि "पगार नको, पण घालवू नको" हेसुद्धा. बोलताना माझं नाक वाहत होतं, डोळे चुरचुरत होते. मला वाटलं, भावना.

नाक्यावर हवालदारानं हात केला. गुजरातची हद्द जवळ. झाकलेली साइडकार बघून त्याचे डोळे बारीक झाले.

"आत काय आहे?"

"माय आहे."

"हलत का नाही?"

"रागावलीय. घालवतेय मला." मी गोधडीकडे वळलो. "माय, तूच सांग ना यांना."

हवालदारानं गोधडी उचलली आणि जो शिंकायला लागला, तो टोपी पडली तरी थांबेना. आत मिरचीची गोणी होती.

"ही... तुझी... माय?"

तेवढ्यात माय मिरचीच्या एका पिकअपमध्ये बसून मागून आली. चहा प्यायला गेली होती म्हणे. गोणी तिनंच ठेवायला लावली होती, आणि मिरची उडू नये म्हणून वर गोधडी.

"मिरचीले फिरावाले लई गया, अन माले सोडी दिधं?"

"बाई, रागावू नका," हवालदार डोळे पुसत म्हणाला. "पोरगा गोणीच्या पाया पडायचाच बाकी होता. घालवताय म्हणे त्याला."

मायनं माझ्याकडे बघितलं. "येडा! किती दिन व्हयनात, तुन्ही मायले भेटी ये म्हनस मी. हाई मिरची तिन्हासाठेच शे. आठ दिन ऱ्हाय, अन परत ये."

कोकणात आईला भेटून आठ दिवसांनी मी परत आलो. आता माय साइडकारमध्ये बसली की आधी गोधडीतून हात काढून माझ्या पाठीत एक धपाटा घालते, "मी शे रे" म्हणते, आणि मगच मी किक मारतो. मिरचीशी मात्र माझं आजही जास्त मोकळेपणानं बोलणं होतं.