गुडघ्याला गुण्या

मिस्त्री आयुष्यात कुणाचं ऐकत नाहीत, ही त्यांच्या बायकोची जुनी तक्रार. ती अर्धीच खरी होती, कारण फरशीचं ते ऐकत. बसवलेल्या फरशीवर हातोडीच्या दांड्याने टकटक करायची, कान खाली न्यायचा आणि आवाज पोकळ आला की ती उचलायची, मग मालक कितीही म्हणो, "राहू द्या हो." चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. बँकेतली काळी फरशी, दवाखान्यातली हिरवी, शाळेच्या व्हरांड्यातली करडी, आणि स्वयंपाकघरं तर किती, त्याची गणतीच नाही. सगळं काम गुडघ्यांवर.

काम झालं की ते कोपऱ्यात गुण्या लावत. गुण्या म्हणजे ती लोखंडी काटकोनी पट्टी, जिच्यावर सगळ्या बांधकामाचा भरवसा असतो. एक डोळा मिटून पट्टी आणि फरशी यांच्यामध्ये उजेड दिसतो का ते बघायचं, आणि दिसला नाही तर म्हणायचं, "फट नाही." हे दोन शब्द ते फक्त स्वतःच्या कामाला वापरत. दुसऱ्याच्या कामाला त्यांची सर्वात मोठी शाबासकी म्हणजे "चालेल."

त्यांच्या घरातली फरशी मात्र एका जातीची नव्हती. प्रत्येक कामावर उरलेली एखादी फरशी ते मालकाला विचारून घरी आणत आणि कापून मापात बसवत. रंगाला रंग लागत नव्हता, पण सांधे सगळे एका रेषेत. बायको पहिली दहा वर्षं चिडली. "घर आहे का नमुन्यांचं दुकान?" मग हळूहळू तीच आल्यागेल्याला दाखवू लागली.

साठी उलटता उलटता उजवा गुडघा गेला. "गेला" हा शब्द डॉक्टरांचा, मिस्त्री म्हणत, "जरा कुरकुरतोय." त्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यावर त्यांनी आणखी तीन वर्षं ओढली. शेवटी शेवटी ते जिना पाठमोरे उतरत आणि कुणी विचारलं तर सांगत, सवय आहे. "दुखतंय" हा शब्द बायकोने लग्नापासून त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता, आणि या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता.

शेवटी ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी समजावलं, झिजलेला भाग काढायचा, धातूचा नवा बसवायचा, मध्ये प्लास्टिकची चकती. मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला.

"चिकटवणार कशाने?"

"सिमेंटने. हाडांसाठीचं वेगळं असतं."

सिमेंट म्हटल्यावर मिस्त्री निर्धास्त झाले, पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. घोळ झाला तो इथेच.

ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्याच दिवशी वॉकर हातात देऊन उभं केलं तेव्हा मात्र मिस्त्री भडकले. ओल्या कामावर पाय ठेवलेला त्यांना आजवर खपला नव्हता. एका मालकिणीला तर त्यांनी तिच्याच दारात अख्खी दुपार थांबवून धरलं होतं. "ही माणसं घाई करतात," ते बायकोच्या कानात कुजबुजले. पण सरळ उभं राहिलं तर भार सरळ खाली उतरतो, सांधा सरकत नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि चालले. वाकवायचं मात्र नाही. कच्चा सांधा कुणी वाकवतं का?

घरी आल्यावर एक दिवसाआड व्यायाम करून घ्यायला फिजिओताई येऊ लागली. वय मुलीसारखं, आवाज मुकादमासारखा. "टाच मागे ओढा काका, गुडघा वाकवा." मिस्त्री दात आवळत, घाम गाळत, आणि गुपचूप मांडी कडक धरून ठेवत. गुडघा साठ अंशांवर अडला तो अडलाच. ती गेल्यावर सांगितलेले व्यायाम ते करत नसत आणि केले म्हणून सांगत. दुखणं कमी करायची गोळी ते गालात धरत आणि बायकोची पाठ वळली की खिडकीतल्या कुंडीत टाकत. दुखणं कळलंच नाही तर आत काही हललं हे तरी कसं कळणार, हा त्यांचा विचार. दुखत तर भयंकर होतं. ते छताकडे बघत पडून राहत आणि ओठ घट्ट मिटून घेत.

एक दिवस फिजिओताई म्हणाली, "काका, दुखण्याला इतकं घाबरू नका हो."

मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. घाबरतोय? मी? त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती आत निघून गेली, आणि ते त्यांना जास्त लागलं. एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती. पण त्यांनी अपमान गिळला. होऊ देत एकवीस दिवस, मग दाखवतो. सिमेंटला किमान एकवीस दिवस द्यावेच लागतात.

चौदाव्या दिवशी टाके निघाले. डॉक्टरांनी गुडघा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. "सहा आठवडे झाले की या. तोवर नव्वद अंश व्हायला हवेत. नाही झाले, तर परत भूल देऊन मला तो वाकवावा लागेल."

"होतील," मिस्त्री म्हणाले.

त्या दिवसापासून ते बायकोकडे ओला टॉवेल मागू लागले. सकाळ, दुपार, संध्याकाळ. आग होत असेल बिचाऱ्यांची, म्हणून ती देत राहिली. अठराव्या दिवशी फिजिओताई जरा लवकर आली आणि दारातूनच ओरडली.

"हे काय? जखम अजून पुरती सुकली नाही, आणि त्यावर ओला टॉवेल? सूज असेल तर पिशवीत बर्फ घाला, खाली कोरडं कापड घ्या. हे कशाला?"

"थंडाव्यासाठी नाही ते," मिस्त्री शांतपणे म्हणाले. अडाण्याला शिकवावं तसा त्यांचा सूर होता. "पाणी मारतोय."

"कशाला पाणी मारताय?"

"आतल्या सिमेंटला. अजून तीन दिवस. एकवीस भरू देत, मग बघा कसा वाकवतो."

बायको मटकन पलंगावर बसली. फिजिओताईला हसू फुटलं, पण मिस्त्रींचा चेहरा पाहून तिने ते आवरलं आणि स्टूल ओढून समोर बसली.

"काका, ते सिमेंट वेगळं असतं. तुम्ही टेबलावर होतात तेव्हाच ते पक्कं झालं. पंधरा मिनिटांत."

"पंधरा मिनिटांत?"

"हो."

"पाणी न मारता?"

"न मारता."

मिस्त्रींनी जरा विचार केला. "कुठे मिळतं?"

आता मात्र तिघंही हसले. पण हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "सिमेंट केव्हाच धरलं काका. आता धरतंय ते तुमचं मांस. जखम भरताना आतलं एकमेकांना चिकटत जातं, पाय सरळ ठेवाल तेवढं जास्तच. अठरा दिवस तुम्ही भलतंच काम जपत बसलात. हे असंच राहिलं तर डॉक्टरांना ते जोर लावून सोडवावं लागेल, आणि सगळं पहिल्यापासून."

म्हणजे काम उचलून परत बसवायचं. दुसऱ्यांची कामं त्यांनी कितीतरी वेळा उचलली होती, पण त्यांच्या हातचं काम चाळीस वर्षांत कुणाला उचलावं लागलं नव्हतं.

"किती दिवस आहेत हातात?"

"चोवीस."

"पुरेत," ते म्हणाले आणि बायकोकडे वळले. "माझा गुण्या काढ."

पहिलं भांडण गोळीवरून झालं. व्यायामाच्या अर्धा तास आधी गोळी घ्या, असं फिजिओताईने बजावलं होतं. मिस्त्री म्हणाले, गोळी घेऊन केलेलं कसलं काम? बायकोने खिडकीतली कुंडी आणून समोर आदळली. मातीत पांढरे खडे दिसत होते.

"हे रोप बघा. काही दुखत नाही याचं. फरशी कापताना चक्रीवर पाणी सोडता की नाही?"

"सोडतो."

"कोरडी कापली तर?"

"तडकते."

"मग घ्या गोळी."

मिस्त्रींनी घेतली.

खोलीच्या मध्यावर खुर्ची मांडली गेली. बसायचं, तळवा जमिनीला टेकवायचा आणि टाच मागे सरकवत न्यायची. पाय सुरू व्हायचा बँकेच्या काळ्या फरशीवरून, मध्ये शाळेची करडी, आणि तिच्यामागे दवाखान्याची हिरवी. टाच हिरवीवर पोचली की काटकोन होतो, हे मिस्त्रींनी गुण्या लावून आधीच काढून ठेवलं. टाच जिथवर जाई तिथे बायको पेन्सिलीने रेघ मारी. दिवसातून दोन रेघा.

दुखणं असं होतं की पहिल्या दिवशी मिस्त्रींना खुर्चीचा हात सोडवेना. आतून कुणीतरी जाड दोर पिळतंय आणि आता तुटणार, आता तुटणार. दहा मोजेपर्यंत धरायचं होतं, ते चारवर पाय झटकून मोकळे झाले. मग बायकोने युक्ती काढली. "आकडे नकोत. या काळ्या फरशीची गोष्ट सांगा. गोष्ट संपेपर्यंत टाच सोडायची नाही."

मिस्त्री सांगू लागले, श्वास तोडत तोडत. बँकेच्या मॅनेजरने काम संपल्यावर फरशीवर पेन्सिल ठेवली होती, उतार आहे का बघायला. सगळे बघत उभे. पेन्सिल जागची हलली नाही. मॅनेजरने ती उचलली, दुसऱ्या टोकाला ठेवली, तिथेही हलली नाही. शेवटी पेन्सिल खिशात घालून तो मुकाट्याने चालता झाला.

"हे मला कधी सांगितलं नाहीत," बायको म्हणाली.

"कामावरून आलो की झोप यायची ग."

गोष्ट संपली तेव्हा रेघ अर्धा बोट मागे सरकली होती. मग करडीची गोष्ट झाली, मोरीतल्या निळ्या फुलांच्या फरशीची झाली, आणि बायकोला तिच्याच घरातली जमीन तीस वर्षांनी कळू लागली. व्यायाम झाला की बर्फ, पाय उंच, आणि उशी टाचेखाली. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटायचं, पण फिजिओताईने ती सक्त बंद केली होती.

नवव्या दिवशी गुडघा टम्म सुजला. टाच कालच्या रेघेपर्यंतही जाईना, दोन बोटं अलीकडेच थांबली. मिस्त्रींनी पुन्हा ओढली, पुन्हा थांबली. त्यांनी खुर्चीशेजारचा गुण्या उचलून भिंतीकडे भिरकावला. एवढा आवाज झाला की वरच्या मजल्यावरची म्हातारी जिन्यात येऊन उभी राहिली.

"दुखतंय ग," मिस्त्री म्हणाले. आणि त्यांना रडू आलं.

बायकोने पेन्सिल खाली ठेवली. "माहितीये."

"फार दुखतंय."

"मला किती वर्षं माहितीये. तुम्ही पाठमोरे जिना उतरायचात ना, मी खाली उभी राहून बघायचे. वाटायचं, आज सांगतील, उद्या सांगतील."

"सांगून काय झालं असतं?"

"मी हात धरला असता," ती म्हणाली. मग उठून तिने गुण्या उचलला, पदराने पुसला आणि पुन्हा खुर्चीशेजारी ठेवला.

त्या दिवशी नुसता बर्फ. दुसऱ्या दिवशी टाच जुन्या रेघेवर आली, तिसऱ्या दिवशी ओलांडून गेली. मिस्त्री आता दुखलं की दुखतंय म्हणत, तेही खणखणीत आवाजात. वरची म्हातारी जिन्यातूनच विचारी, "आज किती?" आणि बायको रेघ बघून सांगे.

सहा आठवडे भरले त्या सकाळी मिस्त्री काठी टेकत दवाखान्यात गेले. वाटेत व्हरांड्यात काठीच्या टोकाने त्यांनी एक पोकळ फरशी शोधून काढली आणि शिपायाला दाखवून दिली. "उचलून बसवा, नाहीतर कुणीतरी पडेल." शिपाई हो म्हणाला आणि विसरून गेला असणार.

डॉक्टरांनी त्यांना टेबलाच्या काठावर बसवलं आणि पाय मागे घ्यायला लावला. प्लास्टिकची पारदर्शक मोजपट्टी गुडघ्यावर धरली. एकदा बघितलं, मग पुन्हा बघितलं.

"नव्वद. अगदी नव्वद. भूल द्यायची गरज नाही. साठवर अडलेल्या गुडघ्यातून हे काढलंत, कमाल आहे तुमची!"

मिस्त्रींना आनंद झाला, पण त्या मोजपट्टीवर भरवसा ठेववेना. "प्लास्टिक आहे ते डॉक्टर. वाकतं."

डॉक्टरांना काही कळायच्या आत बायकोने पिशवीतून गुण्या काढला. ती टेबलासमोर जमिनीवर खाली बसली, एक गुडघा टेकून, मग दुसरा. तिलाही साठी गाठायला एकच वर्ष राहिलं होतं. गुण्याची एक बाजू तिने मांडीला लावली, दुसरी नडगीला, आणि एक डोळा मिटला. इतकी वर्षं लांबून बघितलेलं सगळं तिने नीट केलं.

"बोल ना," मिस्त्री म्हणाले. पाय थरथरत होता, पण त्यांनी तो सोडला नाही.

"थांबा. घाईत बघायचं काम नाही हे."

डॉक्टर पेन हातात धरून उभे होते. तिने मान जरा तिरकी केली, पुन्हा सरळ केली.

"फट नाही," ती म्हणाली.

मिस्त्रींची मान ताठ झाली. हे शब्द त्यांनी आजवर स्वतःच्या तोंडूनच ऐकले होते. टेबलाचा काठ धरून ते खाली उतरले आणि नव्या गुडघ्यावर उभे राहिले. बायको अजून जमिनीवरच होती, एक हात टेबलाच्या पायावर, उठायची जुळवाजुळव करत.

"दुखतंय का ग?" त्यांनी विचारलं.

ती नाही म्हणणार होती. "दुखतंय," ती म्हणाली. "हात द्या."

मिस्त्रींनी काठी टेबलाला टेकवली आणि दोन्ही हात पुढे केले.