वाढत्या अंगाचे गणवेश

मुखेडजवळच्या आमच्या गावात बचत गटाची अध्यक्ष मी. त्या वर्षी सरकारनं शाळेचे गणवेश शिवायचं काम गटांना दिलं. आमच्यातली एक बाई दरसाल ऊसतोडीला जायची. ती म्हणाली, "आक्का, हे काम टिकलं तर औंदा मी जात न्हाई. पोरगी तिसरीत हाय, तिची शाळा तरी बुडणार न्हाई."

"हाव, टिकतंय की! सरकारचं काम हाय," मी म्हटलं. काय माझी जीभ!

समाजमंदिरात मशिनी मांडल्या. आता आमच्याकडं लेकराचं कापड कुणी अंगाबरोबर शिवतं का? वाढत्या अंगाचं शिवायचं, दोन वर्षं जायला पाहिजे. मापाचा कागद भिंतीला चिकटवलेला होता, पण हात कुणाचा ऐकतो? प्रत्येक सदरा दोन बोटं सैल. आणि कात्री मीच चालवत होते.

तपासायला साहेब आले. टेप लावली आणि सगळा ढीग बाजूला सारला. "ताई, हे मापात नाहीत."

"साहेब, लेकरं वाढतात की!"

"योजनेत तसं नाही."

"बरं, आठ दिवस द्या. उसवून मापात करून देतो."

"मुदत संपली."

मुदत! कापडच आम्हाला दीड महिना उशिरा आलं, तेव्हा कुठं गेली होती मुदत? तेव्हा "वरूनच आलं नाही" म्हणून आम्ही गप्प बसायचं. गटानं गरिबी हटते म्हणून भाषणं देणारे हेच लोक. डोकं सणकलं माझं, साहेबांना नाही नाही ते बोलले. चूक आपली आहे हे कळत होतं, म्हणून जास्तच चिडले. काम ठेकेदाराला गेलं.

दसरा झाला आणि मुकादमाचा टेम्पो आला. ती बाई भांडीकुंडी बांधून माझ्या दारात आली. "तुमचा काय दोष, आक्का," म्हणाली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पोरगी आधीच टेम्पोत चढून बसली होती. घरी तिला बघायला कोण होतं?

ठेकेदाराचे गणवेश दिवाळीनंतर आले. त्याची मुदत कुणी विचारली नाही. वाटायला गुरुजींनी मलाच बोलावलं. तिसरीच्या वर्गात एक उरला.

"कधी येईल ती?" गुरुजींनी विचारलं.

"कारखाना बंद झाल्यावर."

"तोवर परीक्षा होऊन जाईल," ते म्हणाले आणि गणवेश माझ्या हातात दिला. काय करू मी त्याचं?