हळूबाईंची मांडामांड

चादरताईला नाटकातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि तिनं ते पहिल्याच भेटीत सांगूनही टाकलं. तिची उमेदीची सगळी वर्षं एका मोठ्या हॉटेलात गेली होती, खोल्या लावून घेणारी सुपरवायझर म्हणून. दारात उभं राहून एक नजर टाकली की कुठला ग्लास बोटभर सरकलाय हे तिला कळायचं. हॉटेल बंद पडलं, घरी बसवेना, म्हणून शेजारणीच्या ओळखीनं ती एका नाटक कंपनीत रंगमंच व्यवस्थापकाच्या हाताखाली काम शिकायला आली. पहिल्याच दिवशी तिनं नाटकातल्या पलंगावरची चादर अशी काही ताणून खोचली, की मुख्य नट आबा त्या चादरीखाली शिरता शिरता घामाघूम झाले. तेव्हापासून कंपनीत तिचं खरं नाव कुणी घेतलं नाही.

जिच्या हाताखाली ती आली, त्या बाईंचंही खरं नाव कुणी घेत नसे. तोंडावर ‘बाई’ आणि पाठीमागे ‘हळूबाई’. नाटकवाल्यांना आपल्या आवाजाचं भारी कौतुक. मेकअपच्या खोलीत एक साधी सेफ्टी पिन मागायची तरी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशी मागतात. त्या कोलाहलात या बाईंचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. बाई विंगेत, पडद्याशेजारच्या आपल्या उंच स्टुलावर बसत, कानाला हेडफोन लावत आणि पुटपुटल्यासारखं दोन शब्द बोलत. की वरचा दिवा लागे, कुठंतरी दार वाजे, पाऊस पडू लागे. सगळं नाटक त्यांच्या ओठांवर चाले आणि प्रेक्षकांत त्यांना ओळखणारं एक माणूस नसे.

त्यांच्या सासूबाई एकदा मोठ्या हौसेनं नाटक बघायला आल्या होत्या म्हणे. शेवटपर्यंत डोळे ताणून बसल्या आणि बाहेर येऊन मुलाला म्हणाल्या, ‘नाटक बरं होतं रे, पण आपली सून त्यात कुठं होती?’ हा किस्सा हळूबाई स्वतःच सांगत आणि सांगताना इतक्या हसत की चष्मा पुसावा लागे.

समोर बसवून शिकवणं हा त्यांचा प्रकार नव्हता. हाताने काम चालू असे आणि मधेच एखादं वाक्य बाहेर पडे, ते झेलायचं. नटाच्या दारावर ‘पाच मिनिटं’ असं सांगून चादरताई परत फिरली, तर बाईंनी तिला पुन्हा पाठवलं. सांगितलं म्हणजे ऐकलं असं होत नाही, आतून ‘हो’ आल्याशिवाय दारातून हलायचं नाही. स्टेजवरची वस्तू नुसती बघायची नाही, हात लावून बघायची, कारण डोळा कालचंच बघतो. हेडफोनवर ‘स्टँडबाय’ म्हणजे तयार राहा आणि ‘गो’ म्हणजे करून टाक, म्हणून ‘गो’ हा शब्द गप्पांत कधी उच्चारायचा नाही, हेडफोनवर तर नाहीच. कुणीतरी सरळ दिवे घालवून मोकळा होतो. आणि काही बिघडलं तर ‘बिघडलं’ म्हणून सांगत सुटायचं नाही, काय हवंय तेवढंच बोलायचं. एकदा चादरताईनं विचारलं, या कामात पुढं जायचं तर काय करावं. बाई म्हणाल्या, पुढं जायचं असेल तर दुसरा धंदा बघ, इथे मागेच राहावं लागतं.

तेव्हा जे नाटक चालू होतं ते जवळजवळ आबांचंच होतं. म्हातारा, विधुर न्यायाधीश घर विकायच्या आदल्या दिवशी आपल्या खोलीत एकटा वावरतोय आणि बोलतोय, बायकोबद्दल, एका जुन्या निकालाच्या दिवसाबद्दल, तिच्या शेवटच्या आजारपणाबद्दल. मधेमधे मुलगी येते, दोन वाक्यं बोलते, जाते. आबा त्यात असे काही रंगत की विंगेतले कामगारसुद्धा हातातलं काम सोडून ऐकत. वर्षभर प्रयोग चालू होते. आबांच्या पाठांतराबद्दल तर दंतकथाच होत्या, आणि त्या आबांनाही ठाऊक होत्या.

चादरताईला मात्र त्या खोलीकडे बघून रोज चीड यायची. असा शिस्तीचा न्यायाधीश, आणि खोलीत हा पसारा! चष्मा खुर्चीच्या बैठकीवर टाकलेला, छत्री खिडकीच्या कडीला लटकवलेली, बायकोची शाल पलंगावर अस्ताव्यस्त. स्टेजच्या मागच्या भिंतीवर खोलीचा नकाशा चिकटवलेला होता, दिग्दर्शकानं स्वतः काढलेला. त्यात चष्मा टेबलावर, चष्म्याच्या घरात होता, छत्री दाराजवळच्या स्टँडमध्ये आणि शाल कपाटात. वस्तूंच्या जागी चिकटवलेल्या पट्ट्याही अजून पुसट दिसत. पण स्टेज हळूबाई स्वतः लावत, तेव्हा ती ब्र काढत नसे.

एका दुपारच्या प्रयोगाला मुख्य पडदा अर्ध्यावर अडकला. हळूबाई दुरुस्तीवाल्याबरोबर वर चढल्या आणि जाताना म्हणाल्या, आजचं स्टेज तू लाव. चादरताईला आभाळ ठेंगणं झालं. तिनं नकाशा समोर धरला आणि मन लावून खोली लावली, हॉटेलात राजेमहाराजे उतरणार असल्यासारखी. चष्मा टेबलावर, छत्री स्टँडमध्ये, शाल घडी करून कपाटात. प्रत्येक वस्तूला हात लावून खात्री केली. पडदा सुटायला उशीर झाला, प्रेक्षक दाराशी खोळंबले होते, त्यामुळे बाईंची रोजची शेवटची फेरी राहिली. त्या खाली आल्या त्या थेट स्टुलावर बसल्या आणि नाटक सुरू झालं.

सुरुवातीचं बोलणं ठीक गेलं. मग आबा खुर्चीपाशी आले आणि बसले. रोज ते बसण्याआधी वाकत, बैठकीवरचा चष्मा उचलत, काचांवर फुंकर मारत आणि म्हणत, ‘ती हा लपवून ठेवायची, मी कागदातून डोकं काढावं म्हणून.’ तिथून पुढे त्यांचं बायकोबद्दलचं सगळं बोलणं सुरू होई. आज खुर्ची मोकळी होती. आबा बसले, हात मांड्यांवर ठेवले आणि समोर बघत राहिले.

आधी वाटलं, विराम घेतलाय. मग विराम लांबला. आबांचा उजवा हात खुर्चीच्या कडेला चाचपडत होता आणि चादरताई त्या हाताकडे बघत होती. त्यांना कळत नव्हतं आपण काय शोधतोय, पण हात शोधत होता. तिनं खोलीभर नजर फिरवली, आणि वर्षभराचा तो पसारा तिला एकदम वाचता आला. चष्म्यात बायको होती. छत्रीत तो निकालाचा दिवस होता. शालीत आजारपण होतं. कुणीतरी आबांची एकेक विसरत चाललेली ओळ उचलून त्यांच्या वाटेत ठेवली होती, आणि तिनं आज ती सगळी झाडून जागच्या जागी लावून टाकली होती.

ती शब्द फेकणार होती, चष्मा, चष्मा म्हणून. हळूबाईंनी न बघताच तिच्या मनगटावर हात ठेवला. विंगेतून आलेला शब्द पुढच्या रांगांना ऐकू गेला असता, आणि मुख्य म्हणजे आबांना. आपण अडकलोय हे आबांना कळता कामा नये, एवढंच त्या क्षणी महत्त्वाचं होतं. बाईंनी खुर्चीकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं आणि हेडफोनमध्ये म्हणाल्या, ‘टेलिफोन स्टँडबाय. गो.’

टेलिफोन वाजायचा होता दुसऱ्या अंकात. ध्वनीवाल्यानं का म्हणून विचारलं नाही. त्या आवाजात का विचारण्यासारखं काही नव्हतंच. घंटी वाजली. टेलिफोन वाजला की माणूस उठतोच, आणि टेलिफोन टेबलावर होता. आबा उठले, रिसीव्हर उचलला, म्हणाले, ‘नाही, इथे असं कुणी राहत नाही.’ प्रेक्षक हसले. रिसीव्हर ठेवताना हात शेजारच्या चष्म्याच्या घरावर पडला आणि तिथेच थांबला. आबांनी घर उघडलं, काचांवर फुंकर मारली. ‘ती हा लपवून ठेवायची...’

चादरताईनं श्वास सोडला, पण बाई केव्हाच पुढच्या गाठीपाशी पोचल्या होत्या. मुलीचं काम करणारी नटी पलीकडच्या विंगेत आपल्या प्रवेशाची वाट बघत उभी होती. हेडफोनवरून तिथल्या कामगारामार्फत तिच्या कानाशी बाईंचा निरोप पोचला. ती वेळेआधीच आत गेली, स्टँडमधली छत्री उचलून म्हणाली, ‘बाबा, अजून ठेवलीत ही?’ आणि ती त्यांच्या हातात देऊन बाहेर आली. आबांना निकालाचा दिवस सापडला. मग खोलीतला उजेड हळूहळू ओसरत गेला आणि फक्त कपाटावर राहिला. दिवा जिथे असेल तिथे नटाचे पाय आपोआप जातात. आबांनी कपाट उघडलं, शाल दिसली, आणि ती छातीशी धरून ते जे बोलले ते ऐकताना प्रेक्षागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. एका दिव्यानं, एका घंटीनं आणि एका नटीच्या दोन पावलांनी या बाईनं एका माणसाची हरवलेली आठवण लोकांदेखत परत आणून दिली होती, आणि त्यातलं लोकांना काही दिसलं नव्हतं. एवढं मोठं काम आपण आयुष्यात पाहिलं नाही असं चादरताईला वाटलं, आणि ते स्टुलावरून न उठता झालं होतं.

मध्यंतरात बाईंनी दुसऱ्या अंकाच्या वस्तू स्वतः फिरून ठेवल्या. चादरताई मागे मागे होती, शिव्यांची वाट बघत. बाई म्हणाल्या, ‘नकाशा पहिल्या प्रयोगाचा असतो, ताई. माणूस आजचा असतो. मी तुला सांगायला हवं होतं, पण कुणालाच सांगितलं नव्हतं. कंपनीत एका कानाला सांगितलं की मग दवंडी पिटायची गरज उरत नाही.’ एवढंच. मग त्या कप हँडल बाहेरच्या बाजूला करून ठेवण्यात गुंतल्या.

प्रयोग संपला, टाळ्या झाल्या, प्रेक्षक गेले. आबा मेकअप न उतरवता सेटवरच्या खुर्चीत येऊन बसले आणि त्यांनी चादरताईला हाक मारली. आज खोली परकी वाटली म्हणाले. कुणी काय हलवलं होतं?

खोटं बोलणं सोपं होतं. गडबडीत राहून गेलं म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिनं विंगेकडे बघितलं. हळूबाई वायर गुंडाळत उभ्या होत्या. त्यांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. म्हातारा सरळ तिच्या डोळ्यांत बघत होता आणि असल्या नजरेला थाप मारणं तिला जमलं नाही. चष्मा रोज कुठं असतो ते तिनं सांगितलं. मग छत्री. मग शाल. आबा एकेका वस्तूला पुढचं वाक्य मनात म्हणून बघत होते, आणि त्यांचा चेहरा प्रत्येक वस्तूबरोबर उतरत चालला. आपण हे काय केलं, असं तिला झालं.

‘मला वाटायचं, मला सगळं पाठ आहे,’ ते म्हणाले.

आबांनी खोलीभर नजर फिरवली, सावकाश, पहिल्यांदाच आल्यासारखी.

‘म्हणजे वर्षभर बाई माझ्याबरोबर काम करत होत्या. आणि टाळ्या मी एकटा घेत होतो.’

हळूबाईंनी वायर खुंटीला अडकवली आणि त्या पुढे आल्या. राहिलेले प्रयोग करायचे की नाही हे आबांनी ठरवावं, त्या म्हणाल्या. नाही म्हणालात तर पडदा उघडणार नाही, लोकांना कारण काय सांगायचं ते माझं मी बघेन. आबांनी उठून चष्मा हातात घेतला, काड्या उघडल्या, मिटल्या. मग म्हणाले, जेवढे लागलेत तेवढे करतो, मग पुरे. आणि उद्या हा खुर्चीवरच ठेवा. बाई म्हणाल्या, हं.

त्या महिन्यातले प्रयोग त्यांनी केले. आता ते चष्मा उचलायला वाकत तेव्हा क्षणभर विंगेकडे बघत, आणि चादरताईला वाटे की काम पूर्वीपेक्षा खोल जातंय. स्टेज ती लावत असे. शेवटच्या प्रयोगाला लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. नटी वाकली. आबांनी मात्र प्रेक्षकांकडे पाठ केली, विंगेतल्या काळोखाकडे तोंड केलं, हात जोडले आणि कमरेतून वाकले. ते वाकूनच राहिले. पुढच्या रांगेत कुणीतरी हळहळलं, कुणी हसलंही. म्हाताऱ्याला लोक कुठल्या बाजूला आहेत तेही कळेनासं झालं, असं त्यांना वाटलं.

स्टुलावर हळूबाईंनी चष्मा काढून पुसला. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांना पडदा पाडायचा ‘गो’ म्हणायला उशीर झाला.